बाहेरकाठा

खारेपाटातली शेतं उधाणाच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. अलिबाग तालुक्याचा पूर्वेकडचा भाग, म्हणजे आमचा खारेपाट, धरमतरच्या खाडीकडे उतरत जातो. तिथं अमावास्येच्या भरतीला बांधावर उभं राहिलं की एका अंगाला खाडी दिसते आणि दुसऱ्या अंगाला भाताची खाचरं. खाडीचं पाणी वर असतं, खाचरं खाली. मधे माती, आणि तीही खाडीतूनच काढलेली. या मातीच्या बांधाला आमच्याकडे बाहेरकाठा म्हणतात. शेतांच्या आत जे लहान बांध फिरतात त्यांना आतकाठा.

धरण म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे डोंगराच्या खिंडीतली उंच भिंत येते. आमचा बाहेरकाठा तसा नाही. कुठे छातीइतका, कुठे दीड पुरुष उंच, वर गवत, बाहेरच्या उतारावर दगड बसवलेले आणि माथ्यावरून एका माणसाला चालता येईल एवढी पायवाट. तो पाणी साठवत नाही, पाणी अडवतो. दिवसातून दोनदा, वर्षाचे बाराही महिने. मोठ्या धरणाला पावसाळा असतो आणि उन्हाळा असतो. खारबांधाला सुट्टी नसते.

पाणीही एकाच बाजूनं येत नाही. सह्याद्रीवर पाऊस कोसळला की अंबा नदी फुगते, नागोठण्यावरून खाली येते आणि धरमतरच्या खाडीत शिरते. त्याच वेळी समुद्राची भरती वर चढत असेल तर नदीचं पाणी पुढे जाऊ शकत नाही. दोन्ही पाणी एकमेकांना भिडून चढत राहतं आणि बांधाला टेकतं. बांधाच्या आत आभाळातून पडलेलं तिसरं पाणी असतं. त्याला बाहेर जायचं असतं, पण बाहेर खाडी त्याच्यापेक्षा उंच. त्यासाठी बांधात ठेवलेली वाट म्हणजे उघाडी. दगडी तोंड, त्याला खाडीकडे उघडणारी लाकडी झडप. ओहोटी लागली की आतलं पाणी झडपेला ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं. ना दोर, ना चाक. माझ्या आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण उघाडीची झडप किती जड हवी, ती जास्त जड झाली तर आतलं पाणी तिला ढकलू शकत नाही आणि हलकी झाली तर ती नीट बसत नाही, हे ते हातानं उचलून सांगत.

भरतीची वेळ त्यांच्या बोटांवर असे. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाही तेवढ्याच वाजता आणि रात्रीही. कोकण किनाऱ्यावरच्या कोळ्या-आगऱ्यांच्या घरांत हा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि छापील कोष्टकाशी ताडून पाहिला तर फार हुकत नाही. लहानपणी मला पाऊणकीचा पाढा शाळेतल्या बाईंनी नाही, आजोबांनी शिकवला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं पाणी ते उधाण, अष्टमीच्या आसपासचं ते भांग. उधाणात बांध राखायचा, भांगात बांध दुरुस्त करायचा. घरातल्या कामाचं कॅलेंडर या दोन शब्दांवर चाले. लग्नाचा मुहूर्त काढतानासुद्धा थोरला काका हळूच विचारी, पावसाळ्याच्या तोंडचं उधाण कधी आहे.

बांधाचं खरं काम होळीनंतर सुरू होई. शेतं सुकलेली, पाऊस लांब. ज्याची जितकी जमीन तितकी माणसं त्यानं पाठवायची, हा नियम. या सामाईक कामाला जोळ म्हणत. शहापूर-धेरंडच्या बाजूला अजूनही म्हातारी माणसं जोळीच्या गोष्टी सांगतात, तशाच आमच्या गावातही. ओहोटीला पुरुष खाडीच्या अंगाला उतरत, चिकट निळसर चिखल कापून त्याचे गोळे काढत आणि ते हातोहात वर जात. बायका पाट्या वाहत. एक थर टाकला की तो पायांनी तुडवायचा, मग त्याला सुकायला वेळ द्यायचा, मगच दुसरा. घाई केली तर थर एकमेकांना धरत नाहीत. वरून बांध बरा दिसतो, आत मात्र थरांच्या मधे फट राहते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. बय, म्हणजे माझी आजी, माझ्या चुलत भावंडांना बांधावर नाचायला पाठवी. आम्हाला तो खेळ वाटे. तिच्या लेखी ती तुडवणी होती.

वरून खचणं नंतरचं, आधी आतून पोखरणं असतं. चिंबोरी चिखलात बिळं करते, उंदीर करतात. एक बीळ खाडीच्या अंगाकडून निघून शेताच्या अंगाला फुटलं की तिथून आधी पेनाच्या टाकाएवढी धार लागते. तेवढ्या धारेनं मातीचा एक कण हलतो, मग दुसरा. रात्रीतून बोटाची वाट मनगटाएवढी होते आणि पुढच्या भरतीला माणूस शिरेल एवढी. म्हणून बांधावर चिंबोऱ्या पकडायला जाणाऱ्या पोरांना कोणी ओरडत नसे. उलट कुठं बीळ सापडलं ते घरी येऊन सांगायचं अशी ताकीद असे. "बिलान हात घालू नको, पयली काठी घाल," एवढंच बय म्हणे. चिंबोरी कालवणात जाई आणि बिळात चिखलाचा गोळा. मला वाटतं, बांधाची एवढी बारीक तपासणी पुढे कुठल्याच नोकरदार माणसाकडून झाली नाही. ज्या पोराला संध्याकाळच्या कालवणाची आस आहे, त्याच्या नजरेतून बीळ सुटत नाही.

बांध फुटून जी वाट पडते तिला खांड म्हणतात. "खांड गेली" ही हाळी खारेपाटात आगीच्या हाळीइतकीच भीतीची. आजोबा विशीत असताना श्रावणातल्या एका उधाणाला, मध्यरात्री, ती आली. त्यांच्या सांगण्यात त्या रात्रीचं पाणी दिसत नाही, ऐकू येतं. काळोख दाट, पाऊस आडवा, आणि बांधाच्या दिशेनं एकसारखी घरघर. गावातले सगळे पुरुष तिकडे धावले. कोणी दाराची फळी उचलून आणली, कोणी पेंढ्याचे भारे, कोणी गोठ्याचं कूड. पण भर भरतीत खांड बुजत नाही. टाकलेलं सगळं आत वाहून गेलं. त्यांनी त्या रात्री एवढंच केलं की खांडीची दोन्ही तोंडं मेढी ठोकून आणि फांद्या रचून धरून ठेवली, ती आणखी रुंद होऊ दिली नाही. पहाटे ओहोटी लागली तेव्हा शेतातलं पाणी खाडीकडे परत पळू लागलं आणि त्या पळण्यानं खांडीखाली खोल खड्डा पडला. भरतीपेक्षा ओहोटीनं जास्त नुकसान केलं, असं आजोबा सांगत. बांध फुटणं म्हणजे पाणी आत येणं, असं आपण समजतो. त्यांच्या अनुभवात ते रोज चार वेळा वाहणारं पाणी होतं: दोनदा आत, दोनदा बाहेर, आणि दर वेळी थोडी माती घेऊन.

मग भांगाची वाट पाहिली. अष्टमीच्या आगेमागे चार दिवस पाणी कमी चढतं, तेवढीच सवड. खड्ड्यावरून सरळ बांध घातला तर तो बसतो, म्हणून जुन्या माणसांनी शेताच्या बाजूनं खड्ड्याला वळसा घालून नवा बांध काढायला सांगितला. जागा गेली, पण पाया टणक मिळाला. मेढींच्या दोन ओळी, मधे काटेरी फांद्या, पेंढा, त्यावर चिखल. ओहोटी असेल तेवढा वेळ काम, भरती चढली की वर बसून राहायचं आणि आपलं काम टिकतं का ते पाहायचं. शेवटचं तोंड बुजवताना शेजारच्या गावांतूनही माणसं आली. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बाहेरकाठा गावाच्या शिवेवर थांबत नाही, आमच्या खांडीतून शिरलेलं पाणी त्यांच्या खाचरांत उतरायला वेळ लागत नाही. तो वळसा आजही बांधावर दिसतो. सरळ चाललेली पायवाट अचानक आत वळते आणि पुन्हा बाहेर येते. बाहेरच्या बाजूला जुन्या खड्ड्याचा डोह आहे. आमच्या घरात त्याला आजोबांचा डोह म्हणतात.

पाणी थांबलं म्हणून भात पिकत नाही. खारं पाणी बसून गेलेलं शेत दोन-तीन वर्षं हाताला काही देत नाही. उन्हाळ्यात त्यावर पांढरं मीठ फुटतं. पावसानं ते धुऊन काढावं लागतं, पाणी साचवायचं, उघाडीतून सोडायचं, पुन्हा साचवायचं. बय आषाढात खाचरात उतरून बोट बुडवी आणि जिभेला लावी. थुंकली तर अजून नाही. गिळलं तर रहू टाकायला हरकत नाही. मोड आणलेलं बी चिखलात फोकायचं ती रहू. खारवट जमिनीत कोरडी नांगरट करत नाहीत, खालचं मीठ वर येतं. भात लावायचा तोही राता, लाल दाण्याचा, खाऱ्याला दाद न देणारा. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं याच स्थानिक भातांतून 'काळा राता १-२४' आणि 'भुरा राता ४-१०' निवडून काढले आणि पुढे 'पनवेल' नावाचे वाण दिले. बयला हे नंतर कळलं तेव्हा ती खूष झाली. आपल्या कोठीतलं बी सरकारनं उचललं, याचा तिला अभिमान वाटला. रात्याची पेज आणि तांदळाची भाकरी, सोबत शेततळ्यातला जिताडा. खांड गेलेल्या वर्षी पेज पातळ होत गेली आणि जिताडा मात्र भरपूर होता, खाडीच्या पाण्याबरोबर आलेला. त्या वर्षाबद्दल विचारलं की बय म्हणे, "मासली खाऊन पोट भरत नाय, पोरी."

हा बांध पहिल्यांदा कोणी घातला याचं उत्तर घरातल्या कोणाकडेच नव्हतं. आंग्र्यांच्या काळापासून आहे, एवढं सगळे सांगत. कुलाबा जिल्ह्याच्या जुन्या नोंदींतून जे कळतं ते असं, की खाजणाची, म्हणजे भरतीचं पाणी चढणारी, जमीन बांध घालून लागवडीखाली आणणाऱ्याला शिलोत्रदार म्हणत. बाहेरकाठा राखण्याची जबाबदारी त्याची, आणि त्याबद्दल बांधाआडच्या जमिनीवर त्याला धान्याचा हक्क. म्हणजे बांध राखणं हे मूळचं कर्तव्य होतं आणि धान्य हा त्याचा मोबदला. काळाच्या ओघात धान्य घेणारे तेवढे राहिले आणि चिखल उचलणारे दुसरेच झाले. कुळांनी जमीन कसायची, खंड घालायचा आणि वर बांधावरही राबायचं. जोळीच्या गोष्टी ऐकताना मी हे विसरू इच्छित नाही. एकमेकांसाठी बांधावर गेलेल्या माणसांची गोष्ट सुंदर आहे. पण त्यांच्यातली कितीतरी माणसं ज्या भातासाठी राबत होती, ते भात खोताच्या, म्हणजे जमीनदाराच्या, खळ्यावर जात होतं.

२७ ऑक्टोबर १९३३ ला याच तालुक्यातल्या चरी गावात सभा झाली. नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं, की खोतांची जमीन कसायची नाही. हा संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी इतकी वर्षं नांगर खाली ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. माणसं डोंगरात जाऊन लाकूडफाटा आणत, खाडीत मासे धरत, मोलमजुरीला लांब जात. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. पुढे १९३९ चा कुळकायदा झाला, १९४८ चा झाला, खोती नष्ट करणारा १९४९ चा कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानण्यात आलं. इतिहासाच्या पुस्तकांत हे सगळं आहे. त्यांत नसलेली एक गोष्ट आमच्या घरात आहे.

संपाच्या काळात शेतं पडीक होती. पण खाडीला संप माहीत नव्हता. एका उधाणाला बांधाला धार लागल्याची बातमी आली आणि पणजोबांच्या ओटीवर रात्री माणसं जमली. तरणी पोरं म्हणाली, लागू दे. जमीन खोताची, बांध खोताचा, बुडू दे त्याचं. यात चूक काय होतं? संप करायचा आणि खोताचा बांधही राखायचा, हे कोणाच्या डोक्यात बसेना. पणजोबा गप्प होते. पणजी आतून बाहेर आली. बायकांनी ओटीवर पुरुषांत बोलायचं नाही, असा तो काळ. ती म्हणाली, "खोत आज हाय, उद्या नाय. जमीन कय जाल?" जमीन कुठे जाणार, असं तिचं म्हणणं. पाणी शिरलं तर खोताचं काय, त्याची कोठी भरलेली आहे. उद्या कायदा होऊन जमीन आपल्याला मिळाली आणि ती मिठानं पांढरी झालेली असली, तर आपण काय जिंकलं? त्या रात्री माणसं दिवे न लावता गेली. खोताच्या माणसांनी पाहिलं तर संप मोडला अशी आवई उठेल, ही भीती होती. बीळ सापडलं, बुजवलं, पहाटेच्या आत सगळे परत. दुसऱ्या दिवशी शेतावर कोणी पाऊल टाकलं नाही.

ही गोष्ट मी आजोबांच्या तोंडून ऐकली, थोरल्या काकाकडून ऐकली, आणि आत्याकडून. तपशील बदलतात. कोणाच्या सांगण्यात माणसं कमी होती, कोणाच्या जास्त. कोणी म्हणतं पणजीनं स्वतःच पाटी उचलली. पणजीचं वाक्य मात्र तिघांच्या तोंडी एकच आहे. माझ्या मते चरीच्या संपाचं मोठेपण कळायला ही रात्र समजून घ्यावी लागते. त्या माणसांचा राग खोतावर होता, आणि तो जमिनीपर्यंत पोचू नये याची काळजी त्यांनी अंधारात जाऊन घेतली.

स्वातंत्र्यानंतर सरकार बांधावर आलं. १९४८ च्या खारजमीन कायद्यानं त्यासाठी मंडळ नेमलं, १९७९ मध्ये नवा खारभूमी विकास कायदा आला. बाहेरकाठा सरकारनं पाहायचा, आतकाठा शेतकऱ्यांनी, अशी ढोबळ वाटणी झाली. आजोबा या बदलाचं कौतुकच करत. पहिल्यांदा दगडी अस्तर नीट बसलं, उघाड्यांना पक्की बांधकामं आली, चिखल उपसायला पैसे मिळाले. ज्यानं आयुष्यभर फुकट माती वाहिली त्याला मजुरी मिळाली, ही लहान गोष्ट नव्हती. पण दहा-पंधरा वर्षांत जोळ थांबली. होळीनंतर बांधावर जाणारी माणसं अर्जावर सह्या करू लागली. पोरं शिकली, मुंबई-पनवेलला गेली, कारखान्यांत लागली. मीही त्यांतलीच. खाडीतून मालाचे बार्जेस जाऊ लागले आणि त्यांच्या लाटा भांगाच्या दिवसांतही बांधाला लागू लागल्या. चिंबोरीचं बीळ मात्र पूर्वीइतकंच लहान सुरू होत राहिलं. ते अर्जात लिहिण्याएवढं मोठं होईपर्यंत उशीर झालेला असतो.

आजोबांना याची चीड नव्हती, काळजी होती. ते म्हणत, "बांद येकदा बांदला न झाला, असा नाय. दर साली बांदाला लागते." हे मातीच्या कुठल्याही कामाला लागू आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. लहानसं मातीचं धरण, पण वस्तीच्या वस्ती वाहून गेली आणि माणसं गेली. गळती होते आहे असं गावकरी आधीपासून सांगत होते. ती बातमी वाचताना मला आमच्या गावातली पोरं आठवली, जी पळत घरी येऊन बीळ कुठं आहे ते सांगत. सांगणारे तिवऱ्यातही होते. आमच्याकडे पूर्वी त्या सांगण्यानंतर लगेच कोणीतरी चिखलाचा गोळा घेऊन निघत असे, एवढाच फरक.

अलीकडे खारेपाटात एक नवं दुखणं आहे. खांड गेली आणि ती वेळेत बुजली नाही, तर भरतीच्या पाण्याबरोबर तिवराच्या बिया आत येतात. चार-पाच पावसाळ्यांत खाचराच्या जागी तिवरांचं रान उभं राहतं. बाहेरच्या अंगाची तिवरं बांधाची सोबतीण. त्यांची मुळं गाळ धरतात, लाटेचा जोर मोडतात. बय त्यांच्या फांद्या तोडू देत नसे. पण तीच तिवरं शेतात उभी राहिली की शेत गेलं. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनं, म्हणजे तिवरांची रानं, तोडण्याला मनाई केली. ती मनाई योग्यच आहे. मुंबईच्या आजूबाजूला भराव टाकून खाड्या गिळल्या जात होत्या, तेव्हा ती आली नसती तर काय उरलं असतं? तरी सातबारावर भातशेती आणि प्रत्यक्षात जंगल, अशा जमिनीच्या मालकाला विचारा. बांध राखायचा कोणी, ते राहून गेलं आणि त्याची किंमत त्यानं मोजली. आता तो झाडं तोडू शकत नाही, भात पेरू शकत नाही, आणि नुकसान कोणत्या रकान्यात लिहायचं हेही ठरत नाही. माझं म्हणणं साधं आहे. बाहेरची तिवरं वाढवा, त्यांना हात लावू नका. पण नवीन खांड पडली तर ती पहिल्या भांगालाच बुजवा, तिवराचं बी आत येण्याआधी. झाड आणि शेत यांच्यात निवड करण्याची पाळीच येऊ नये.

हे माझ्या एकटीचं मत नाही, गावाचंही आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, पौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्या वेळी आमच्या गावाजवळ बांधाचा माथा बराच खचला. अर्ज गेला, पाहणी झाली, पावसाळा गेला. दुसऱ्या वर्षी होळीनंतर थोरल्या काकानं घरोघर फिरून जोळ बोलावली. आता त्याच्याकडे जमीन धरून माणसं मागण्याचा अधिकार नाही. ज्यांना यायचं ते येणार. मुंबईहून सुट्टी काढून काही पोरं आली, त्यांना चिखल कापता येत नव्हता. गावातल्या तीन-चार म्हाताऱ्यांनी बांधावर खुर्च्या टाकून त्यांना शिकवलं. पोकलेननं माती ओढली, पण थर तुडवायला यंत्र चालत नाही, तिथं पायच लागले. बायकांनी या वेळी एक गोष्ट ठामपणे मागितली: मजुरी. पूर्वी पाट्या आम्ही फुकट वाहिल्या, आता तसं चालणार नाही, असं आत्या सर्वांसमोर म्हणाली. पंचायतीनं रोजगार हमीच्या कामातून काही दिवस मस्टर काढलं, त्यावर बायकांचीही नावं चढली. पणजीनं ओटीवर जे केलं, त्याचाच हा पुढचा भाग आहे असं मला वाटतं.

गोव्यात मांडवी-झुवारीच्या काठांवर अशीच खाजणं आहेत, बांध आहेत, आणि उघाडीला तिथं मानस म्हणतात. मानशीच्या तोंडाशी मासे धरण्याचा हक्क लिलावात जातो आणि त्या पैशांतून बांध राखायचा, ही तिथली जुनी रीत. पण मासे जास्त मिळावेत म्हणून मानस उघडी ठेवली की खारं पाणी शेतात शिरतं. शेती पडीक पडली की बांधाची काळजीही सुटते. काकाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं फक्त विचारलं, "मंग तिथं तुडवायला कोन जातं?" आमच्या उघाडीवर जाळं लावणाऱ्या पोरांशी तो आता बोलून घेतो. जाळं लावा, पण झडप अडवू नका, आणि बीळ दिसलं तर त्याच दिवशी सांगा.

उघाडीची झडप बदलायची आहे. जुनी सागवानी फळी खालून कुजली आहे, भरतीला तिच्या कडेतून पाणी आत झिरपतं. नवी फळी कापून आणली आहे, लोहारानं बिजागऱ्या केल्या आहेत. काकानं ती दोन वेळा उचलून पाहिली आणि सुताराला कडेनं अजून थोडी रंधायला सांगितली, जड होते म्हणाला. काम चैत्र वद्य सप्तमी ते नवमी या तीन दिवसांत करायचं ठरलं आहे. सप्तमीला भरती सव्वापाचला, अष्टमीला सहाला, नवमीला पावणेसातला. म्हणजे सकाळी आठपर्यंत पाणी उतरायला लागलेलं असेल आणि दुपारी तीनपर्यंत हात चालवता येतील. माझ्याकडे काम आहे वेळ सांगत राहण्याचं आणि दुपारची भाकरी बांधावर पोचवण्याचं.